पुढचा सांधा

ता. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिलाय तो वयाने मोठी म्हणून. बाकी आज तुला द्यायला माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

तुझं पार्सल काल पोचलं. नर्सबाईंच्या सायकलची हिरवी फ्रेम, आणि सोबत तुझी एका ओळीची चिठ्ठी, की बाई उतारावर पडल्या, खांद्याचं हाड मोडलं, फ्रेम बघून घे. बघून घे म्हणजे काय रे? मी काय पंक्चर काढायला बसलेय? बाई कुठे आहेत, हात कधी बरा होणार, त्या पुन्हा कामावर कधी जाणार, हे लिहायला तुझी शाई संपली होती का?

बघितली फ्रेम. हँडलखाली पुढचा सांधा आहे ना, जिथे नळी स्टीलच्या बाहीत शिरते आणि पितळ वितळवून आपण ती पक्की करतो, तिथे कडेकडेने तडा गेलाय. याचं कारण तू. ही पातळ नळी तू आणलीस. मी नको नको म्हणत होते. आपली जुनी नळी जड होती, पण इतक्या वर्षांत तिच्यावरून कुणी पडलं नाही. तुला काय, गिऱ्हाइकाने दुकानात येऊन एका हाताने सायकल उचलावी आणि वा म्हणावं. त्यासाठी दोन महिने रोज, ऐन कामाच्या वेळी फोन करून माझं डोकं खाल्लंस. तुझ्या हट्टापायी नऊ फ्रेम करून दिल्या आणि त्यातली एक ही अशी परत आली. पातळ नळी वाकते आणि ताण सांध्यावर येतो. एवढं कळायला सांधा कापून बघायचीसुद्धा मला गरज वाटत नाही.

उरलेल्या विकू नकोस. विकल्या असशील तर परत माग. आणि फोन करू नकोस, वायर काढून ठेवलीय मी. मागच्या वेळी तुझ्याशी बोलताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या शिंपीकाकांनी मशीन थांबवलं आणि घरात कुणाला काही झालं का विचारायला आले. पत्रात निदान शेजारी धावून येत नाहीत.

बाबांचा दुसरा डोळाही आता पुसट झालाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. तरी सकाळी आठला ॲप्रन बांधून शेडमध्ये हजर असतात. त्यांना मी सांगितलंय की हिरवी फ्रेम पुन्हा रंगवायला आलीय. तूही ब्र काढू नकोस.

राग आहे तितकाच लोभ आहे, म्हणून दोन पानं लिहिली. नाहीतर मीही एका ओळीत उरकलं असतं.

तुझी ताई


ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशीचंही फाडलं. हे तिसरं.

नर्सबाईंकडे मी तीनदा जाऊन आलो. तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त विचारलं की फ्रेम कुणी बनवली होती. मी म्हणालो, आमच्या ताईने. त्या मान हलवून गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता नळीचं. त्या नऊपैकी एक फ्रेम दुकानात शिल्लक होती. तुला कापायची गरज वाटली नाही ना, मग मी कापली. दुकानाचं शटर ओढून, करवत घेऊन, पुढचा सांधा उभा चिरला. नळी ठणठणीत आहे. बाही ठणठणीत आहे. मध्ये पितळच नाही. बाहेरून कडेला सुरेख सोनेरी रेघ आणि आत कोरडं. नळी नुसती बाहीत घालून ठेवल्यासारखी. बाकीचे सगळे सांधेही कापले, ते भरलेले आहेत. एकटा पुढचाच कोरडा.

ताई, मी शिकत होतो तेव्हा तू माझे अकरा सांधे कापलेस. नखभर जागा कोरडी दिसली की नळी माझ्यापुढे आपटायचीस. मी रडायचो आणि तू म्हणायचीस की रडून झालं की बारावा कर. तीच तू आता म्हणतेस की कापून बघायची गरज नाही. तुझ्या हातून हे होणार नाही हे मला माहीत आहे. मग हा सांधा कुणी केला? माझ्या मागे कुणाला कामाला ठेवलंयस का? ठेवलं असशील तर आज हाकल. आणि माझ्या नळीवर ढकलून हात वर करू नकोस.

दुकान बंद ठेवलंय. सात फ्रेम रस्त्यावर आहेत, आणि सातही लोकांची घरं मला माहीत आहेत.

तुझा लोभ कितीही कडू लागला तरी मला तो हवाच आहे.

तुझा,
धाकटा


ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कापली. तुझं पत्र आलं त्याच दुपारी हिरवी फ्रेम व्हाइसमध्ये धरून कापली. आत कोरडी आहे.

गरज वाटली नाही हे खोटं होतं. मला धीर होत नव्हता. आता विचारतोयस तर ऐक, आणि ऐकून माझ्यावर जे काय ओरडायचं ते कागदावर ओरड. पुढचा सांधा बाबा करतात.

आई गेली त्यानंतर ते शेडमध्ये येऊन नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवून पुन्हा तिथेच. मला ते बघवेना. एके दिवशी मी त्यांच्या हातात गॅसची ज्योत दिली आणि म्हणाले, एवढा एक सांधा करून द्या. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. तेव्हापासून दोन वर्षं प्रत्येक फ्रेमचा पुढचा सांधा त्यांचा. लोखंड तापून किती लाल झालं हे त्यांना दिसत नाही, म्हणून मी खांद्याशी उभी राहते. रंग आला, पितळ आत ओढलं गेलं की मी म्हणते, बस. ते ज्योत काढतात. इतकं साधं आहे. पहिल्या वर्षी मी गुपचूप तीन कापून बघितले. तिन्ही काठोकाठ भरलेले होते. मग कापणं सोडलं.

या नऊंचं काय झालं ते मला कळत नाही. मी तिथेच होते रे. प्रत्येक वेळी बस मीच म्हणाले.

आता त्यांच्या हातातली ज्योत काढून घ्यायला हवी, हे मलाही कळतं. पण मी ते तोंडाने सांगणार नाही. पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा मला बघायचे नाहीत. तू काहीतरी सबब शोधून दे. ऑर्डरी थांबल्या म्हणू, गॅस मिळत नाही म्हणू. नर्सबाईंना मी पत्र टाकते की चूक माझ्या हातून झाली. हे कारण आपल्या दोघांत राहील.

चिडू नकोस म्हणण्याचा मला हक्क नाही. चिड, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई


ता. २३ जानेवारी

चि. दोघांस,
अ. उ. आ.

सांगतोय मी, लिहितोय शिंपी. मधून मधून तो माझे शब्द मवाळ करतो असा मला संशय आहे. तुम्ही वाचताना ते कडक करून घ्या.

धाकट्या, ताईच्या पत्राला तू पाठवलेलं उत्तर पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी ते शिंप्याकडून वाचून घेतलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, ते मी मोडलं. बरं केलं. बाबांना ऑर्डरी थांबल्यात असं सांगू, हे वाक्य शिंप्याला मी तीनदा वाचायला लावलं. मला डोळे नाहीत, अक्कल आहे.

ताई, तू पलीकडच्याच खोलीत झोपतेस, तरी तुलाही लिहितोय, कारण आठवडाभर मी तुझ्याशी बोलणार नाही. याची एक प्रत तुझ्या बाकावर ठेवलीय.

चूक कशी झाली ते तुम्हा दोघा शहाण्यांना कळलं नाही. मला कळलं. सांधा तापत आला की धाकट्याचा फोन वाजायचा. ताई मला म्हणायची, धरून ठेवा, आलेच. पार्टिशनच्या पलीकडे जाऊन फोन उचलायची आणि पातळ नळी, जाड नळी सुरू. मी इकडे ज्योत धरून उभा. मग पलीकडून आरोळी यायची, बस! मी ज्योत काढायचो. ताई परत यायची, चेहरा तापलेला. विचारायची, झालं का? मी म्हणायचो, झालं. ती बाहेरची सोनेरी रेघ बघायची आणि फ्रेम उचलून न्यायची. ते बस माझ्यासाठी नव्हतंच. ते याच्यासाठी होतं. फोनवर ताई बस म्हणून ओरडायची असं याने पत्रात लिहिलंय, त्यावरून मला आत्ता कळलं.

लवकर वाटायचं मला. कानाला पटायचं नाही. पण तुझा शब्द मी मोडला नाही. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या शब्दावर ज्योत काढली, ही माझी चूक, आणि ती मी कुणाला वाटून देणार नाही. नर्सबाईंना तू पत्र टाकणार होतीस. टाकू नकोस. मी काल टाकलं. सांधा मी केला, मला दिसत नाही, असं स्पष्ट लिहवून घेतलं. धाकट्याने त्या सातही घरी जाऊन हेच सांगावं आणि फ्रेम परत आणाव्यात.

राहिलं माझं. शेड तुझ्या नावावर आहे, ताई, म्हणजे मालकीण तू. मी माझ्या हयातीत तीन माणसं कामावरून काढली. तिघांनाही समोर उभं करून, कारण सांगून काढलं. एकालाही गॅस संपला असं सांगितलं नाही. मला काढायचं असेल तर तसंच समोर येऊन काढ. पाठीशी घालून घेण्याएवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही.

माझा लोभ तुम्हाला न मागता मिळतो, म्हणून तुम्ही माजलात.

तुमचे बाबा

(शिंप्याचा नमस्कार. मी एकच शब्द मवाळ केला आहे.)


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सातही फ्रेम पोचल्या. तू प्रत्येक घरी खरं सांगितलंस हे तुझ्या पत्रातून शिंपीकाकांनी वाचून दाखवल्यावर बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला मीठ मागितलं.

बाबांना मी कामावरून काढलं. सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, उद्यापासून तुम्ही सांधा करायचा नाही. त्यांनी कारण विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. तेव्हा मी म्हणाले की तुम्हाला लाल दिसत नाही. माझा आवाज फोनवर चढायचा तसा चढला असावा, कारण पलीकडचं मशीन थांबलं. बाबांनी ठीक आहे म्हटलं, ॲप्रन सोडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि करवत मागितली. म्हणाले, सांधा करायला मनाई आहे, कापायला नाही.

दोन दिवस ते फ्रेम कापत होते. मी हात लावायला गेले की करवत थांबवून माझी पाठ फिरायची वाट बघायचे. कापून झालं की आत अंगठा फिरवायचे आणि तुकडा बाजूला टाकायचे. सहा कोरड्या निघाल्या. सातवीत त्यांचा अंगठा थांबला. मला बोलावून रंग विचारला. निळी, मी म्हणाले. आत पितळ असं भरलं होतं की माझ्याही हातून रोज होत नाही. कुठे सुईच्या टोकाएवढी जागा रिकामी नाही.

ती फ्रेम त्यांनी मी घरी नसताना केली होती. मी त्यांचेच रिपोर्ट आणायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते आणि ज्योत पेटवायची नाही असं बजावून गेले होते. त्यांनी पेटवली. पितळ पसरावं म्हणून सांध्याला लावलेला टाकणखार उकळताना तडतडतो आणि पितळ आत उतरायच्या वेळी गप्प होतो, ते गप्प होणं ऐकून त्यांनी ज्योत काढली. मी ओरडेन म्हणून बोलले नाहीत, फ्रेम झालेल्यांत मिसळून ठेवली.

मी म्हणाले, मग उद्यापासून या आणि तुमच्या पद्धतीने करा. तर असे भडकले की मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नाही. नऊत एक नीट निघाला म्हणून कामावर घ्यायला हा काय पोरखेळ आहे, एक बाई हात बांधून घरी बसलीय. काढलं म्हणजे काढलं. मीही भडकले. विचारलं, कानाने कळत होतं तर दोन वर्षं मला खांद्याशी कशाला उभी ठेवलीत? माझी गरज नाही हे सांगायला तोंड नव्हतं?

बाबा नळावर हात धूत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले की तुझी आई गेल्यापासून तू नीट जेवत नव्हतीस. माझ्याजवळ उभी राहिलीस की बरी असायचीस, म्हणून राहू दिलं.

आणि भिंतीला हात लावत एकटेच घरी गेले.

शनिवारची गाडी पकडून ये. मला कुणावर ओरडावं ते कळत नाहीये, आणि तू समोर असलास की ते सोपं जाईल. लोभ भरपूर आहे, घ्यायला ये.

तुझी ताई