यंदा मीठ घरातच बघितलं

६ ऑक्टोबर १९७४

ह्यांनी आज पुन्हा आमटीला "झकास" म्हटलं! लग्न झाल्यापासून या माणसाने नाव न ठेवता एक घास गिळला नाही — मीठ कमी, मीठ जास्त, मसाला कच्चा. आणि टायफॉईडमधून उठल्यापासून खाली मान घालून जेवतात. शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, "दुखण्यानं माणूस सुधारला की गं मलिका!" मी हसले. खरं तर बरं वाटलं.

डॉक्टरही खूश. तोंडाला चव आलीय, म्हणजे अन्न अंगी लागतंय म्हणाले. ईद झाली की शिरोलीला फौंड्रीत जायला हरकत नाही. त्या भट्टीपुढं दिवसभर उभं राहायचं! मला भीती वाटते. हे मात्र आतापासूनच डबा घासून ठेव म्हणतात.

१० ऑक्टोबर

धाकटे दीर रफिक आणि जाऊ जुलेखा चंदगडहून येणार, पोरांसकट. शेवटचा रोजा इथं सोडायचा, ईद करूनच जायचं. दरवर्षीचंच आहे. पण यंदा नको, असं मी म्हणाले. महिनाभर ह्यांच्या उशाशी जागले, त्यावर हे रोजे. अंगात काही उरलेलं नाही.

"थोरल्याच्या घरात ईद न्हाई तर कुणाच्या? मी काय मेलोय?" हे कडाडले.

मी गाद्या मोजायला उठले.

१३ ऑक्टोबर

गाद्या उन्हात घातल्या. कंबर माझीच आहे की कुणाची उसनी आणलीय, कळेना.

१६ ऑक्टोबर

आले सगळे. एसटी उशिरा, पोरांना उलट्या, आल्या आल्या गरम पाणी. मी दुपारपासून चुलीपुढं, पोटात रोजा. उपाशी असताना चव बघता येत नाही, म्हणून दरवर्षी रश्शाचा चमचा तानाबाईंकडं जातो. आज त्यांच्याकडं घट बसले. मटणाचा चमचा कसा न्यायचा?

"मी हाय की! मला कुठं रोजा हाय?" हे म्हणाले. चमचा तोंडात फिरवला, डोळे मिटले. "जरा कमी हाय. घाल आणि एक मूठ."

घातलं.

संध्याकाळी रोजा सोडून सगळे जेवायला बसले. रफिकनी पहिला घास घेतला आणि सरळ तांब्याच तोंडाला लावला. पोरं थुंकली. जुलेखा म्हणाली, "भाभी, मीठ फुकट मिळालं काय गं?" हसता हसता सगळ्यांची पुरेवाट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांच्याकडं बघितलं, रागानंच. हे मात्र रस्सा भुरकत होते!

"झकास झालाय," म्हणाले. मग एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. कुणी का हसतंय, तेच त्यांना कळत नव्हतं.

ढग होते. चाँद दिसला नाही. म्हणजे उद्या आणखी एक रोजा, आणि हे सगळं भरलेलं घर!

१८ ऑक्टोबर, ईद

पहाटे शिरखुर्म्यात साखर घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढली. ह्यांना दिली.

"अंमळ गोड झालाय. पण झकास!"

मी वाटी काढून घेतली. विचारलं, कधीपासून?

"तापापासनं. वाळूगत लागतंय सगळं. डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर कामावर सोडलं असतं व्हय त्यानं?" मग म्हणाले, "आणि तू एवढी झिजतीयास. नाव ठिवू तरी कुठल्या तोंडानं?"

म्हणजे ती एवढी झकास, झकास — सगळी खोटी! राग आला, आणि रडूही. बाहेर रफिक नमाजला चला म्हणून हाका मारत होते. मी एवढंच सांगितलं, माझ्या स्वयंपाकाला खरं नाव ठेवाल, त्या दिवशी शिरोलीची वाट धरायची. तोवर उंबरा ओलांडायचा नाही.

दिवसभर माणसांना शिरखुर्मा वाढला. स्वतः खाल्ला की नाही, आठवत नाही.

२ नोव्हेंबर

"आली आता चव. कामावर सोड की!" ह्यांचं रोजचं टुमणं. मी म्हणते बरं, आणि ताट वाढते. "झकास!" म्हणतात. जायचं नाही, म्हणते.

१३ नोव्हेंबर

तानाबाईंकडनं दिवाळीच्या चकल्या आल्या. ह्यांनी दोन खाल्ल्या. आज खोटं बोलले नाहीत. "कुडुमकुडुम वाजत्यात. एवढंच."

२४ नोव्हेंबर

आज पहिल्याच घासाला वाटी आदळली. "आळणी! एवढी वर्सं झाली, अजून तुला मिठाचा अंदाज न्हाई?"

पदर तोंडाला लावून आत पळाले. ईदेपासून ह्यांची पहिली वाटी मी रोज आळणीच वाढत होते.