फुटलेले वीस ब्लॉक

आई गं,

कुमासीहून तुझ्या एफुआचा नमस्कार, आणि माझ्या छोट्या लेकीला, अराबाला खूप खूप मुके.

मी बरी आहे. मक्याची केंकी आणि मासळी मिळते, तुझ्या हातची चव नाही एवढंच. अराबाचा खोकला गेला का? खरं सांग.

माझ्यासारख्या शाळा मध्येच सुटलेल्यांची काल प्रवेशाची परीक्षा झाली. पास झालो तरच विद्यापीठात राहायचं, नाहीतर शनिवारी घरी. नकाशा बघून एका खोलीला सिमेंटचे ब्लॉक किती लागतील ते काढायचं होतं. आलेल्या आकड्यात मी वीस वाढवले.

आज अन्सा सरांनी सगळ्यांपुढे विचारलं, "बाईसाहेब, हे वीस कुठल्या भिंतीत बसवलेत?"

मी उठून भीत भीत म्हटलं, "सर, ट्रकमधून उतरवताना फुटतातच. मी बांधकामावर तीन वर्षं डोक्यावर वाहिलेत."

मागून एक ओरडला, "मग हिनेच फोडले असतील!" सगळे हसले. सर नाही हसले.

म्हणाले, "भिंतीत उभे राहतात तेवढेच ब्लॉक मोजायचे. फुटतील त्यांचा खर्च दरात धरायचा. हिने चुकीच्या जागी धरले, पण धरले. तुम्ही कोणी कुठेच धरले नाहीत."

मार्क कापले, पण पास केलं गं! आता चार वर्षं बांधकामाची मापंच शिकायची.

म्हणून शनिवारी येत नाही. अराबा तुला आई म्हणायला लागली तर म्हणू दे. आणि चालायला लागली, तर मी बघायला येईपर्यंत तिला धरून ठेवू नकोस.

तुझीच घाबरट लेक,
एफुआ