आईच्या पलंगावरची दोरी

दादा,

मुद्दामच ‘प्रिय’ लिहिलेलं नाही.

काल टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. कादंबरीत आईचा मृत्यू अगदी शेवटी ठेवायचं कसं सुचलं, असं त्या बाईंनी विचारलं. तू चष्मा पुसत म्हणालास, "ते आतूनच आलं." कसलं डोंबलाचं आतून!

घरातली सगळ्यात लांब भिंत आईच्या खोलीत, म्हणून तू तिच्या पलंगाच्या वर दोरी बांधलीस आणि कपड्यांच्या चिमट्यांनी प्रकरणांची कार्डं टांगलीस. खाली आजारी माणूस झोपलंय, याचं तुला काही नाही. सातव्या कार्डावर ठळक लिहिलंस, ‘आई जाते’. तिला ते चष्म्याशिवाय वाचता आलं.

"सातव्यातच?" ती म्हणाली. "एवढी कसली घाई झालीय याला? धर गं मला जरा." माझ्या खांद्यावर भार टाकून ती उभी राहिली, कार्ड काढलं आणि भिंतीला धरत धरत पार टोकाला नेऊन लावलं. मग दम लागेपर्यंत हसली.

संध्याकाळी तू माझ्यावरच डाफरलास. मी म्हटलं, पंख्याच्या वाऱ्यानं झालं असेल. वाऱ्यानं उडालेलं कार्ड नेमकं शेवटच्या चिमट्यात जाऊन बसतं, हे तुला पटलं! बराच वेळ बघत राहिलास आणि तसंच ठेवलंस.

आई गेली तेव्हा तू सहाव्या प्रकरणात होतास.

हे पत्र मी टाकणार नाही. तू वाचशील, गहिवरशील आणि डोळे पुसायच्या आत नवं कार्ड लिहायला घेशील.

धाकटी