उभी तीन बोटं

३ फेब्रुवारी
कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. प्रिन्सिपॉलवर डस्टर भिरकावणारा माणूस या गावात सडायला जन्मलेला नसतो. दवाखान्यातल्या नव्या नर्सला कॅन्सर तपासणी शिबिरासाठी व्हॉलंटियर हवाय. समाजसेवा माझ्या रक्तातच आहे. ती हसली की गालाला खळी पडते, हा योगायोग.
संकल्प : तंबाखूची पुडी बंद. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
गाव अडाणी. न्हाव्याला म्हटलं, शिबिराला या, फुकट आहे. म्हणाला, मागच्या वर्षी पण डॉक्टर आले, माझ्या तोंडात बघितलं, शहरात जा म्हणाले आणि गाडीत बसून गेले. दोन बस बदलून मी जायचं, आणि दुकान कोण उघडणार, तुझा बाप? असल्या लोकांना तोंडावर अडाणीच म्हणावं लागतं. म्हटलं. रागात दोन पुड्या संपल्या. त्या न्हाव्याच्या खात्यात.

८ फेब्रुवारी
आई भाजीत तिखट ओतते. तोंडाची नुसती आग. ताट ढकललं. आई म्हणे, अरे, महिनाभर तुझ्यासाठी तिखट घातलेलंच नाही. वय झालं की विसरायला होतं, दुसरं काय.

१० फेब्रुवारी
नर्सने टेस्ट शिकवली. तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायची. जात नसतील तर डॉक्टरला दाखवायचं. घरी करून बघा दादा, म्हणाली. मला कशाला प्रॅक्टिस? 'दादा' ही ऑफिशियल भाषा असणार.

१५ फेब्रुवारी, सकाळ
आज शिबिर. अडाण्यांना स्टेजवर डेमो देतो, मग तिला मनातलं सांगतो. टेन्शन आहे म्हणून एकच पुडी.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाषण दणदणीत. मग बोटं. दोनच गेली. माझी बोटं जाड आहेत. न्हावी मागून ओरडला, बोटं राहू दे, आधी तोंड उघड की! सगळे हसले. ती नाही हसली. माझी हनुवटी धरून पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं. टॉर्च लावून. मग डॉक्टरला हाक मारली. आत पांढरा चट्टा आहे म्हणे. शहरात जा, तुकडा काढून तपासतील.

१६ फेब्रुवारी
आई सकाळपासून नुसती भांडी घासतेय. घासलेलीच. न्हावी येऊन गेला. मंगळवारी दुकान बंद ठेवतो, दोघं मिळून जाऊ, म्हणाला. बसमधली खिडकी तुला.
मग नर्स आली. कागदावर माझं नाव, वय लिहिलं. दादा म्हणाली नाही. विचारलं, पुडी किती वर्षं खाता?
मी म्हटलं, उद्यापासून बंदच आहे.