खिडकीचे वेगळे पैसे

मालेगाव (जि. वाशीम), रविवार, सांजच्याला

परवा मी विमानात बसणार! नागपूरहून बंगलोरले, पोरीकडे. मी अन् हे.

पोरीच्या हापिसच्या प्रवासाचे पॉइंट साचले होते, त्यात दोन तिकिटं निघाली. पण विमान कंपनीनं नियम बदलले. आता खिडकीजवळच्या सीटचे वेगळे पैसे लागतात. तिनं फोनवर इचारलं, "एकच खिडकी घेतो. कोणाले देऊ?"

खिडकीत तर कायम हेच बसतात. एसटीत बाहेरून रुमाल टाकून जागा धरतात अन् वाशीमपर्यंत तंबाखूचा खर्रा चघळत बाहेर थुंकतात. लग्नापासून मी इकडल्या, वाटेच्या बाजूनं, उभ्या माणसायच्या पिशव्या खांद्यावर झेलत.

हे फोनवर ओरडले, "खिडकीचे पैसे? कायले? एसटीत फुकट भेटते!" मंग इचारलं, "उघडते का पण ते?"

"नाई बाबा, विमानाची खिडकी उघडत नसते."

"मंग मले काय कामाची? देऊन टाक तुह्या मायले."

खिडकी! मले! उघडत नाई म्हणून भेटली, पण भेटली.

हे आंगणात गेल्याबरोबर मी फोनवर हळूच म्हटलं, "आत्ताच पैसे भर वो. तिच्यातून ढग दिसतात हे तुह्या बाबाले सुचाच्या आंधी."