‘आवाज’ नावाचं फोल्डर

सोम., ६
केतन (मॅनेजर) म्हणाला, "नव्या व्हर्जनमध्ये रेकॉर्ड केलेले शब्द ऐकूच येत नाहीयेत. शुक्रवारपर्यंत चाललं तर ठीक, नायतर मशीनचा आवाज टाकू." तो आवाज कोणाचा ते त्याला ठाऊक नाही. सांगितलं नाही. पप्पा शाळेतून रिटायर झाले तेव्हा आमच्या कंपनीच्या, मुलांना वाचायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी चारशेच्या वर शब्द बोलले होते. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन. तेव्हापासून पाटीवर लिहितात. विहारात माईकशिवाय बोलणारा माणूस! आता त्यांचा आवाज म्हणून उरलाय तो तेवढाच.

मंगळ., ७
आवाजाचं मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा एक कप्पा) उघडून पाहिलं. सगळ्या फाईल्स ‘आवाज’ फोल्डरमध्ये, जागच्या जागी. प्रोग्रॅमने एखादी मागितली की मात्र हातात नल, म्हणजे काहीच नाही. एररसुद्धा नाही, नुसतं ‘नाही’. आणि शेजारच्या ‘जुनी-चित्रे’ फोल्डरमधली चित्रं खुशाल मिळतायत. मॉड्यूल तेच, कोड तोच. डोकं चालेना. घोडपदेवला घरी आले, पप्पांनी पाटीवर विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, काही नाही, काम.

बुध., ८
हायफन!!! नुसता हायफन!
नव्या जावात (आमची प्रोग्रॅमची भाषा) मॉड्यूल आपलं आतलं झाकून ठेवतं. फोल्डरचं नाव जावाच्या नियमात बसत असेल तर ती खासगी खोली, बाहेरच्याला फाईल नाही. ‘जुनी-चित्रे’त हायफन, म्हणून ते जावाच्या लेखी नावच नव्हे, मग राखणही नाही. आणि ‘आवाज’? मराठीत लिहिलेलं, तरी पक्कं नाव! मला वाटायचं जावाला इंग्रजीपलीकडे काय कळतंय. म्हणजे इतके दिवस तो पप्पांचा आवाज सांभाळत बसला होता.
शेजारच्या टेबलावरची शबाना म्हणाली, "अगं युनिकोड आहे, सगळ्या लिप्या चालतात, त्यात काय एवढं?" असेल. मी स्क्रीनकडे बघतच राहिले.

गुरु., ९
मॉड्यूलच्या माहितीत एकच ओळ घातली, ‘आवाज’ बाहेरच्यांना उघडा. कंपायलर कुरकुरला, हे पॅकेज रिकामं आहे म्हणे. रिकामं! (त्याला आत कोड दिसला नाही, एवढंच.) पण पुढे गेला. चालवलं.
हेडफोनमध्ये पप्पा. "कमळ."
तो ळ... जीभ टाळूला लागलेली ऐकू येते. बाथरूममध्ये जाऊन रडून आले. मग केतनला ऐकवलं, कोणाचा आहे तेही सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे मग हाच. फक्त सगळे शब्द एकदा चेक कर."

शुक्र., १०
सकाळी पप्पांनाच बसवलं चेक करायला. घाबरले होते मी. ते आपले वह्या तपासल्यासारखे, मान हलवत, पुढचा, पुढचा.
"सकाळ"ला हात वर. परत लाव. परत. शब्दाआधी बारीकसा खोकला. मला इतक्या वर्षांत ऐकू आला नव्हता.
पाटीवर, ‘खोकला आहे. काढ.’
"पप्पा, राहू दे ना. कोणाला कळतंय?"
‘मुलांना कळतं.’ पुसून मग, ‘तू म्हण.’
म्हटलं. मान नकारार्थी. ळ नीट नाही. पुन्हा. तिसऱ्या वेळी होकार. रेकॉर्ड केलं.
आता दोन्ही फाईल्स समोर. नाव एकच, ‘सकाळ’, म्हणजे फोल्डरमध्ये एकच राहणार. पप्पा पाटी पुसून निवांत पेपर वाचतायत.
केतनचा मेसेज, "पाठवतेस ना?" अजून उत्तर दिलेलं नाही.