खारी दिवसभर काय करते

१२ नोव्हेंबर, सोमवार
दादा नगरला गेल्यानंतरचा पहिला ऑफिसचा दिवस. खारीला घरात ठेवून कुलूप लावलं. चार वर्षांत पहिल्यांदा. दूध आणायला चालले असं वाटलं असावं तिला. दारापर्यंत आली, शेपूट हलवली, परत फिरली. कुलपाचा आवाज ऐकून पुन्हा धावत आली. नखं फरशीवर वाजलेली जिन्यात ऐकू आली. तिथेच उभी राहिले. बस चुकली.
परत सहा वीसला. ताटली तशीच भरलेली. पाण्याला तोंड नाही. बाथरूमच्या दाराशी शू, बिचारीने जमेल तेवढी कडेला. दादांच्या कॉटवरची चादर ओढत दाराशी आणली होती, तिच्यावर बसून होती. रागावले नाही. कुत्रीवर काय रागवायचं.
दादांना परवा विजू नगरला घेऊन गेला. जिन्यात पडल्यापासून कंबर धरलेली. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय, आणि आपण दुसऱ्या मजल्यावर. सरकारी क्वार्टर, लिफ्ट कुठली. विजूचं घर बैठं. ‘ताई, वडील तुझे एकटीचे नाहीत’ म्हणाला. खरंच आहे. खारीचं काय, हे स्टेशनवर कुणीच काढलं नाही. गाडीत बसल्यावर दादा खिडकीतून म्हणाले, पोळी दुधात कुस्करून दे तिला. एवढंच.

१३ नोव्हें., मंगळ
खालच्या नेगी आंटींनी जिन्यात थांबवलं. दहापासून एकपर्यंत रडत होती म्हणे. मी सॉरी सॉरी करत राहिले. त्या चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट. “भौंकती तो मैं डाँट देती. रोती है, उसका क्या करूँ?”
त्यांची प्रीती यंदा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसतेय. घरीच अभ्यास. म्हणजे तीन तास तिनेही ऐकलं.

१६ नोव्हें., शुक्र
उपाय चालू. रेडिओ लावून गेले. माझा जुना स्वेटर कॉटवर. वर्तमानपत्रात बिस्किटांच्या पुरचुंड्या बांधून कोपऱ्याकोपऱ्यात लपवल्या. ही आयडिया शेजारच्या टेबलावरच्या कपूर मॅडमची. गुरुग्रामला राहतात, कुत्र्यांबद्दल सगळं ठाऊक.
संध्याकाळी पुरचुंड्या जशाच्या तशा. रेडिओवर गव्हाला पाणी कधी द्यावं ते सांगत होते. खारी दाराशी. नेगी आंटी म्हणाल्या, आज रडली, आणि गाणीही ऐकावी लागली.
रंग बेकरीतल्या खारीसारखा म्हणून दादांनी हे नाव ठेवलं. इथे कुणाला कळत नाही. कॉलनीतली मुलं तिला कॅरी म्हणतात. तिला दोन्ही चालतं.

१९ नोव्हें., सोम
क. मॅडमनी माझ्या जुन्या फोनमध्ये काहीतरी घातलं. तो कपाटावर ठेवला की ऑ.मध्ये या फोनवर घर दिसतं. आवाज नाही, नुसतं चित्र.
आज पहिला दिवस. फाइल समोर, फोन ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर अर्धा उघडा.
नऊ दहा: दार. साडेनऊ: कॉट. परत दार. दहानंतर मान वर, तोंड उघडं. म्हणजे रडणं सुरू. आवाज नव्हता तरी मला ड्रॉवर लावावा लागला.
साडेबाराला पुन्हा पाहिलं. ती उठली. अंग झाडलं. दाराशी जाऊन उभी राहिली, शेपूट हलवत. कुणी आलेलं नव्हतं. दहा मिनिटं तशीच. मग कॉटपाशी गेली आणि कॉटच्या कडेवर हनुवटी टेकवून उभी राहिली.
मिश्रा सर मागे उभे होते. “साळवे जी, ये कौन सी फाइल है?” फोन पालथा घातला.
संध्याकाळी दादांना विचारलं, साडेबाराला काय असायचं? म्हणाले, पार्कात जायचो आम्ही. ऊन असतं तेव्हा. तू डबा उघडत असशील, म्हणून आम्ही निघायचो.
रोज? रोज.
सहा वर्षं मी साडेआठला जायचे, सहाला यायचे. आल्यावर विचारायचे, जेवलात ना. हो म्हणायचे. झालं. मधले साडेनऊ तास ते काय करतात, हे मी विचारलं नाही कधी. पहिली दोन वर्षं तर खारीसुद्धा नव्हती.

२२ नोव्हें., गुरु
दारात चिठ्ठी. असोसिएशनच्या सेक्रेटरींची. भाषा नम्र. दोन-तीन घरांना त्रास होतोय, आठवड्याभरात काही व्यवस्था करावी. नेगी आंटींनी तक्रार केलेली नाही, त्यांनीच वर येऊन सांगितलं.
विजूला फोन. देऊन टाक कुणालातरी, म्हणाला. तू स्वतः कधी घरी असतेस? बरोबर बोलला म्हणून जास्त लागलं.
क. मॅडमचे मोठे दीर गुरुग्रामलाच, बंगला, पुढे लॉन, दोन कुत्रे आधीच आहेत. तिसरी कुठेही सामावेल म्हणाल्या. रविवारी घेऊन ये.

२५ नोव्हें., रवि
चर्चमध्ये उपासनेला गेले नाही. कॅब केली. खारी वाटभर माझ्या मांडीवर मान ठेवून. ड्रायव्हर चांगला होता, काच थोडी खाली करून दिली तिच्यासाठी.
लॉनवर सोडल्याबरोबर धावली. अशी धावताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या पार्कात सदा पट्ट्यात. ते दोन्ही कुत्रे मागे, ही पुढे. चिकन दिलं, तेही खाल्लं. मी चहा घेतला आणि ती पलीकडे असताना गेटमधून बाहेर पडले. निरोप वगैरे नाही.
मेट्रोने आले. घराचं दार उघडताना डावा हात खाली धरला, ती अंगावर उडी मारते म्हणून. आत कुणी नव्हतं.
सातला दादांचा फोन. “खारीला दे.” रोज मी फोन तिच्या कानाशी धरते, ते काहीतरी पुटपुटतात. म्हटलं, प्रीती खाली घेऊन गेलीय. मग म्हणाले, बरं. थंडी पडली असेल, तिच्याखाली पोतं घाल.

२६ नोव्हें., सोम
सवयीने साडेबाराला फोन उघडला. कॉट, दार, ताटली. बघत बसले. रिकाम्या खोलीत बघण्यासारखं काही नसतं, तरी.
क. मॅडमनी व्हिडिओ दाखवला. खारी लॉनवर उन्हात पोट वर करून झोपलेली. “देखो यार, कितनी खुश है.” खरंच होती.
डबा तसाच परत आणला.

२७ नोव्हें., मंगळ
अर्धी रजा टाकली. मेट्रो, पुढे ऑटो.
खारी लॉनच्या टोकाला होती. धावत वगैरे आली नाही. चालत आली, साडी हुंगली, आणि माझ्या पावलावर बसली. पूर्ण वजन टाकून.
क. मॅडमच्या दिरांना काय सांगावं कळेना. सज्जन माणूस. एवढंच म्हणाले, “जैसी आपकी मर्ज़ी. पर यहाँ इसे कोई तकलीफ़ नहीं थी.”
म्हटलं, “इसे नहीं थी.”
हे मुद्दाम लिहून ठेवते, नंतर स्वतःला दुसरंच काही सांगू नये म्हणून. ती तिथे मजेत होती. मी तिला माझ्यासाठी आणलं.
घरी आल्यावर दादांना फोन करून सगळं सांगितलं. परवा खोटं बोलले तेही. हसले. “कळलं होतं मला. ती प्रीती कुत्र्याला घाबरते.”
चिठ्ठीची मुदत गुरुवारपर्यंत.

३० नोव्हें., शुक्र
मुदत काल संपली. सेक्रेटरींकडे जाऊन आणखी आठ दिवस मागितले. दिले.
संध्याकाळी नेगी आंटी वर आल्या, मागे प्रीती. त्यांच्याकडे गावाहून जेठ-जेठानी, म्हणजे मोठे दीर-जाऊ, आलेत, उपचारासाठी, दोन महिने मुक्काम. घरात दिवसभर टीव्ही आणि येणारे-जाणारे. प्रीतीला अभ्यासाला जागा नाही. आंटी आडून आडून बोलत होत्या, शेवटी प्रीतीनेच विचारलं, तुमचं घर दिवसा रिकामं असतं ना?
रिकामं नसतं म्हटलं.
ती खारीकडे बघत होती, पाय उंबऱ्याबाहेर. “वो अंदर वाले कमरे में रहेगी ना?”
ठरलं. खारी आतल्या खोलीत, दार बंद. प्रीती पुढच्या खोलीत. सोमवारपासून. किल्ली दिली. कुत्रीला घाबरणारी मुलगी आणि माणसासाठी रडणारी कुत्री. बघू.

४ डिसेंबर, मंगळ
काल दिवसभर रडली म्हणे, फक्त आतल्या खोलीतून. प्रीती कानात कापूस घालून बसली.
आज ऑ.मधून बघत होते. कॅमेऱ्याचं तिला सांगितलंय, हरकत नाही म्हणाली. अकराच्या सुमाराला पुस्तक मिटलं. उठली. आतलं दार हातभर उघडलं आणि पळत येऊन खुर्चीवर चढली, पाय वर घेऊन. खारी बाहेर आली. खुर्चीला फेरी मारली. खुर्चीखाली आडवी झाली.
तासभर दोघींपैकी कुणी हललं नाही. प्रीतीचे पाय आखडले असणार.

११ डिसें., मंगळ
प्रीतीचा मेसेज: आंटी, ये साढ़े बारह बजे पढ़ने नहीं देती. कॉपी पे सिर रख देती है.
खाली घेऊन जा म्हणून लिहिलं. गेली. एका हातात पट्टा, दुसऱ्यात काठी. काठी कशाला विचारलं तर म्हणाली, दूसरे कुत्तों के लिए.
‘दूसरे’ म्हणाली. वा.
सेक्रेटरी गेटवर भेटले. व्यवस्था झाली वाटतं, म्हणाले. हो म्हटलं.

१५ डिसें., शनि
रात्रीसुद्धा खारी खाली नेगींकडे राहील, मी नाताळला नगरला जाऊन यावं, असं आंटींनी आपणहून सांगितलं. जेठानींना कुत्री आवडते म्हणे. तिकीट काढलं. करोल बागेतून दादांसाठी लोकरीचे मोजे, विजूच्या मुलींना फ्रॉक.

२६ डिसें., बुध, नगर
नाताळ छान झाला. वहिनीबरोबर करंज्या केल्या, माझ्या फुटल्या. दादा काठी घेऊन अंगणभर फिरतात. रंग सुधारलाय. विजू, वहिनी खरंच मनापासून करतात, त्यात खोट काढायला जागा नाही.
दुपारी दोघंच होतो. मी विचारलं, मी गेल्यावर तुम्ही काय करायचात?
म्हणाले, “पहिली दहा मिनिटं आम्ही दोघं दारात बसायचो. मग मी तिला म्हणायचो, चल, आपल्यालाही कामं आहेत.”
कसली कामं?
“कामं कुठली? पण असं म्हटल्याशिवाय ती उठायची नाही.”
मी पाणी आणायला आत गेले. वहिनीने विचारलं, काय झालं. कांदा म्हटलं. कांदा कुठेच नव्हता.
इथे कंटाळा येतो का, हेही विचारलं. म्हणाले, इथे कंटाळायला उसंत मिळत नाही. चांगलं म्हणून सांगितलं की तक्रार होती, कळलं नाही.

२ जानेवारी, बुध
परत. खारी नेगींच्या घरात जेठानींच्या रजईवर. मला बघून उठली, पण जरा सावकाश. चालेल.

११ जाने., शुक्र
मिश्रा सर जेवताना म्हणाले, घरात आजारी माणूस असेल तर तळमजल्याच्या क्वार्टरसाठी अर्ज करता येतो. मेडिकल सर्टिफिकेट लागतं. त्यांच्या सासऱ्यांसाठी त्यांनी केला होता, दीड वर्ष लागलं. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. क. मॅडमकडून कळलं असेल. किंवा ड्रॉवरमधून.
विजूला सांगितलं. चिडला. दादांना तू पुन्हा दिवसभर कुलपात ठेवणार का, म्हणाला. तरी म्हटलं, सर्टिफिकेटची कॉपी पाठव.
पाठवली, रात्री. सोबत एक ओळ नाही.

२० जाने., रवि
अर्ज शुक्रवारी भरला. आज उपासनेहून आल्यावर खारीला घेऊन पलीकडच्या ब्लॉकमधलं एक रिकामं तळमजल्याचं क्वार्टर बाहेरून बघून आले. मिळेलच असं नाही, मिळालं तर हेच असंही नाही. खिडकीची जाळी फाटलेली, भिंतीला ओल. पायरी एकच. खारीने ती तीनदा चढून-उतरून पाहिली.
प्रीतीची परीक्षा मेमध्ये. त्यानंतर ती कुठे असेल कोण जाणे. परवा म्हणाली, आंटी, नंबर आ गया तो हॉस्टल जाना पड़ेगा. हे सांगताना आनंदात हवी होती. खारीचा कान चोळत होती.
संध्याकाळी दादांना फोन. अर्जाचं सांगितलं.
“मी येईन असं कुठे म्हटलंय?”
तसं म्हटलं नाही तुम्ही.
शेजार कसा आहे, विचारलं त्यांनी. म्हटलं, दोन्ही बाजूंना कुलूप होतं. रविवारचे कुठे गेले असतील. एरवी नोकरीवालेच असणार.
“म्हणजे दिवसभर आजूबाजूला कुणी नाही.”
खारी असेल म्हटलं. आणि मी दुपारी फोन करीन, रोज. हे आधीही करता आलं असतं, तेही बोलून टाकलं.
मागे विजूच्या मुली कशावरून तरी भांडत होत्या.
मग म्हणाले, “अर्जाचा नंबर जपून ठेव.”